पुस्तकांची बेगमी



मिरगाचा पाऊस लागण्याआधी आपण काय काय करतो ते आठवा. लाकूडफाटा घरात आणून रचतो. आमसुले वाळवतो. मीठ भरून ठेवतो. सुकी मासळी डब्यात घालतो. शाकारणी करतो. कारण पाऊस लागला की बाहेर पडणे होत नाही. यालाच आपण बेगमी म्हणतो.

पोटाची बेगमी आपण कधी चुकवीत नाही. पण अक्षरांची बेगमी कोण करतो?

तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. अक्षर जुळवून शब्द वाचता. सही करता. हे मोठे काम झाले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेतीची अवजारे पडून राहिली की गंजतात. अक्षरांचेही तसेच आहे. सराव राहिला नाही तर आलेली अक्षरे परत जातात.

या धड्यात आपण एका कामाची आखणी शिकणार आहोत. ते काम म्हणजे गावातली उन्हाळ्याची वाचनपेटी. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही.

एका वहिनींची गोष्ट

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नंतर आमच्या वाडीत साक्षरतेचा वर्ग घेऊ लागलो. वर्गात एक वहिनी येत. वय पन्नाशीचे. हिवाळाभर त्या नेमाने आल्या. मार्च महिन्यात त्यांनी फळ्यावर स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग आंब्याचा हंगाम आला. वर्ग बंद झाला. पुढे पाऊस लागला. लावणी, बेणणी, कापणी झाली. सात-आठ महिने वहिनींनी पुस्तक हाती धरले नाही. दोष त्यांचा नव्हता. हाती धरायला पुस्तकच नव्हते. वर्ग बंद करून मी फळा घरी नेला होता.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी आपली आंब्याची झाडे कराराने दिली. घेणारा माणूस कागद घेऊन आला. वहिनींनी पेन हातात धरले, पण अक्षर वळेना. त्या म्हणाल्या, "हात चालत नाही बाबा, अंगठाच घे." अंगठा उठला.

वहिनींना वाटले होते की करार एका मोसमाचा आहे. कागदावर लिहिले होते तीन मोसम. पैसे मात्र एकाच मोसमाच्या हिशेबाने ठरले होते. हे कळले तेव्हा उशीर झाला होता.

त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, मार्चमध्ये कागद आला असता तर मी वाचला असता हो."

हे वाक्य माझ्या मनाला लागले. शिकवण्याचे काम मी केले होते. शिकलेले टिकवण्याचे काम केले नव्हते. त्या दिवसापासून मी उन्हाळ्याच्या वाचनाचा विचार करू लागलो.

हे काम नवीन नाही

आपला रत्नागिरी जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. रत्नागिरी शहरात जिल्हा नगर वाचनालय आहे. ते १८२८ साली सुरू झाले. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले ते १८५६ साली. म्हणजे टिळकांच्या जन्माआधी २८ वर्षे रत्नागिरीत वाचनालय होते.

पण शहरातले वाचनालय खेड्यातल्या माणसाला कसे पुरणार? एसटीने जायचे, दिवस मोडायचा, मग एक पुस्तक मिळायचे. हे परवडत नाही.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी याचा विचार केला होता. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे जाणकार ग्रंथपाल बोलावून घेतले. त्यांच्या हाताने संस्थानात वाचनालयांचे जाळे उभे केले. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवली. एका गावाने पेटी वाचली की ती परत जाई आणि नवी पेटी येई. वाचक पुस्तकाकडे जाऊ शकत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, असा हा विचार होता.

मद्रासकडे रंगनाथन नावाचे थोर ग्रंथपाल होऊन गेले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. पुस्तके वापरासाठी आहेत, हा त्यांतला पहिला नियम. म्हणजे कपाटाला कुलूप लावून पुस्तके जपणे हे वाचनालयाचे काम नव्हे.

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी वाचनाचे कार्यक्रम होऊ लागले त्याला आता शंभराहून जास्त वर्षे झाली. तिकडच्या शिक्षकांना एक गोष्ट दिसली होती. सुटीत वाचन तुटले की मूल मागे पडते. ज्या घरात पुस्तके नाहीत तिथले मूल जास्त मागे पडते. आपल्याकडे वेगळे काय घडते?

पेटी तर आपल्या ओळखीची आहे. दर वर्षी आपण आंब्याच्या पेट्या भरून मुंबईला पाठवतो. आता पुस्तकांची एक पेटी गावात आणायची आहे.

माझ्या पहिल्या वर्षाच्या चुका

पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने काम हाती घेतले. ते फसले. का फसले ते सांगतो, म्हणजे तुम्ही त्याच चुका करणार नाही.

पहिली चूक वेळेची. मी सकाळी दहाची वेळ ठेवली. शाळेची सवय होती ना! त्या वेळी पुरुष बागेत, बाया पाण्यावर नाहीतर वाळवणाला, आणि मुले काजूच्या बिया वेचायला गेलेली. येणार कोण?

दुसरी चूक पुस्तकांची. मी जाडजूड पुस्तके आणली. नावे मोठी, अक्षर बारीक. ज्याला चार ओळी वाचायला पाव तास लागतो त्याच्या हातात मी ३०० पाने दिली.

तिसरी चूक कुलपाची. पुस्तके हरवतील या भीतीने मी ती घरी न्यायला दिली नाहीत.

चौथी चूक बक्षिसाची. जो सर्वांत जास्त पुस्तके वाचील त्याला बक्षीस, असे मी जाहीर केले. एका मुलाने वहीत ४० पुस्तकांची नावे उतरवून काढली. वाचले एकही नव्हते. आणि ज्यांना वाचन जड जात होते ती मुले दुसऱ्या आठवड्यापासून यायचीच बंद झाली. ज्यांच्यासाठी पेटी आणली तीच मुले मी घालवली.

तिसऱ्या आठवड्यात चार मुले उरली होती.

आखणी कशी करावी

आता नीट आखणी पाहू.

१. वेळ. गावाचे काम पाहून वेळ ठरवावी. मुलांसाठी संध्याकाळी पाच ते सहा. तोवर ऊन उतरते. बायांसाठी दुपारी तीनच्या सुमारास. आमसुलांसाठी रातांबे फोडताना चारचौघी एकत्र बसतातच. तिथे एकीने वाचावे, बाकीच्यांनी हात चालवावेत आणि कान द्यावेत. वाचणारीने आधी हात धुऊन पुसावेत. रातांब्याचा डाग कागदावरून जात नाही! दर पाव तासाने वाचणारी बदलावी. पुरुषांसाठी रात्री जेवणानंतर अर्धा तास.

२. जागा. देवळाचा सभामंडप, शाळेची पडवी किंवा एखाद्याची ऐसपैस ओटी. जागा अशी हवी की तिथे सर्व वाड्यांतली माणसे संकोच न करता येतील. हे फार महत्त्वाचे आहे. एखाद्या घरच्या ओटीवर काही माणसे येत नसतील तर ती जागा सोडावी आणि सर्वांची जागा धरावी. दारात पाण्याची बादली ठेवावी. मे महिन्यात प्रत्येक मुलाच्या हाताला आंब्याचा रस असतोच.

३. पुस्तके किती? हा हिशेब करून पाहू. समजा गावात वाचणारी २४ मुले आहेत. प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा पुस्तक बदलते. कार्यक्रम सहा आठवड्यांचा आहे.

२४ मुले × २ पुस्तके × ६ आठवडे = २८८ वाचने.

म्हणजे २८८ पुस्तके लागतात का? नाही. २४ पुस्तके मुलांच्या घरी असतील. निवडायला पेटीत आणखी १२ हवीत. म्हणजे ३६ पुस्तके झाली. एकच पुस्तक आठ घरी फिरले की हिशेब जमतो. मोठ्यांसाठी ठळक अक्षरांची आणखी १२ घ्यावीत. एकूण ४८.

पातळ पुस्तकाची किंमत सरासरी ५० रुपये धरली तर ४८ पुस्तकांना २,४०० रुपये पडतील. मोसमाच्या आरंभी हापूसच्या एका चांगल्या पेटीला याहून जास्त पैसे पडतात. म्हणजे एका पेटी आंब्याच्या पैशांत गावाला एक पेटी पुस्तके मिळतात, आणि ती पुढच्या वर्षीही उरतात.

४. पुस्तके कुठून आणावीत? सगळीच विकत घ्यायला नकोत. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. जवळच्या वाचनालयात चार जणांनी जावे. गावाच्या नावाने अनामत भरून सुटीपुरती पुस्तके मिळतील का, असे विचारावे. शाळेच्या कपाटातली पुस्तके सुटीत बंद पडून असतात. तीही मुख्याध्यापकांकडून लेखी देऊन मागून घ्यावीत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघते. त्याचे जुने अंक मुलांना फार आवडतात. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. मुंबईहून येताना खाऊबरोबर दोन गोष्टींची पुस्तके आणा, असा निरोप त्यांना आधीच धाडावा.

५. पुस्तकांचे तीन गठ्ठे करावेत. पहिला चित्रांचा आणि कमी शब्दांचा. दुसरा छोट्या गोष्टींचा. तिसरा मोठ्या गोष्टींचा. गठ्ठ्यावर इयत्ता लिहू नये. सातवीतल्या मुलाला पहिल्या गठ्ठ्यातले पुस्तक लागत असेल तर त्याला ते लाज न वाटता उचलता आले पाहिजे.

६. नोंदवही. चार रकाने आखावेत. तारीख, नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत आल्याची खूण. ही वही गुरुजींनी लिहू नये. नव्याने शिकलेल्या माणसाने लिहावी. रोज दहा नावे लिहिली की आपोआप सराव होतो. पुस्तक फाटले तर दंड करू नये. खळ आणि कागद देऊन ज्याच्या हातून फाटले त्याच्याकडूनच चिकटवून घ्यावे. दंड केला की मूल पुस्तक परत आणीत नाही आणि स्वतःही येत नाही.

रोजचे मोठ्याने वाचन

हा या कामाचा गाभा आहे. रोज २० मिनिटे कोणीतरी मोठ्याने वाचावे.

काय वाचावे? साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक घ्या. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले. दापोली तालुक्यातल्या पालगडला १८९९ साली त्यांचा जन्म झाला. हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात ४२ रात्री आहेत. श्याम रोज रात्री आपल्या आईची एक आठवण सांगतो.

आता गंमत पाहा. ४२ रात्री म्हणजे बरोबर सहा आठवडे. २६ एप्रिलला वाचायला आरंभ केला तर ६ जूनला पुस्तक संपते. ७ जूनच्या सुमारास मिरग लागतो. पुस्तक संपायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडते. काही रात्री मोठ्या आहेत. त्या दिवशी दोघांनी वाटून वाचाव्यात. पुस्तकातली घरे, परसू, समुद्र, भाकरी सगळे कोकणातले आहे. ऐकणाऱ्याला ते आपल्याच घरचे वाटते.

मुंबईहून आलेल्या मुलांनाही बसवून घ्यावे. त्यांतली काही इंग्रजी शाळेत जातात. त्यांना मराठी वाचताना अडखळायला होते. आमच्याकडे पाचवीतल्या एका मुलीने आपल्या मुंबईच्या मोठ्या भावाला जोडाक्षरे समजावून दिली. ती मुलगी आधी चारचौघांत बोलत नसे. त्या दिवसापासून ती मोठ्याने वाचू लागली.

परीक्षा नको, पडताळा हवा

काम झाले की नाही हे कसे ओळखावे? पुस्तके मोजून ओळखू नये. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून एक परिच्छेद वाचून घ्यावा. कुठे अडले ते वहीत लिहून ठेवावे. शेवटच्या दिवशी तोच परिच्छेद पुन्हा वाचून घ्यावा. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी, शेजाऱ्याशी करू नये. बक्षीस द्यायचे तर सर्वांना सारखे द्यावे. एकेक पेन्सिल पुरते.

शेवटच्या दिवशी गाव जमवावे. मुलांनी आणि मोठ्यांनी वाचून दाखवावे. भाषणे कमी ठेवावीत.

पावसाळ्यात पेटी बंद करू नका

उसनी पुस्तके परत करावीत. पण आपली १२ पुस्तके तरी गावात राहू द्यावीत. पावसात पुस्तकांना बुरशी धरते. म्हणून पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावी आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. आत डांबराच्या गोळ्या घालाव्यात. उघडीप मिळाली की पुस्तके वाऱ्यावर ठेवावीत. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती वाचत राहावीत. हाताळलेल्या पुस्तकाला वाळवी सहसा लागत नाही.

वहिनींचे पुढे काय झाले?

पहिला उन्हाळा फसला तरी आम्ही काम सोडले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यापासून वहिनी पेटीची नोंदवही लिहू लागल्या. आरंभी एक नाव लिहायला त्यांना दोन मिनिटे लागत. मुले रांगेत चुळबूळ करीत. वहिनी म्हणत, "थांब रे, घाई असेल तर उद्या ये." पावसाळ्यात त्या एक पातळ पुस्तक घरी ठेवून घेत. चूल पेटली की चुलीपुढे दोन पाने वाचीत.

कराराचे तीन मोसम गेले ते गेलेच. त्या झाडांचे आंबे दुसऱ्याने उतरवले. वहिनी बांधावरून पाहत राहिल्या. तो तोटा भरून आला नाही, हे खरे सांगितले पाहिजे.

मग चौथ्या वर्षी नवा कागद आला. या वेळी वहिनींनी मला बोलावले नाही. ओटीवर बसून, ओळीखाली बोट धरून, त्यांनी तो कागद स्वतः वाचला. एका पानाला अर्धा तास लागला. कागद आणणारा माणूस समोर बसून होता. तो दोनदा म्हणाला, "मी वाचून दाखवू का?" दोन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "नको. तुम्ही चहा घ्या." शेवटी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "इथे मोसम किती ते अक्षरांत लिहा. नुसता आकडा नको." तसे लिहून झाल्यावर त्यांनी सही केली.

हे मला शेजाऱ्यांकडून कळले. मला आनंद झाला. आपल्याला बोलावले नाही याचा तर जास्तच झाला.

म्हणून सांगतो, यंदा लाकूडफाटा भराल तेव्हा अक्षरांचीही बेगमी करा. चार जण एकत्र या. एक पेटी मिळवा. मिरगाला अजून वेळ आहे.

शब्दांचे अर्थ

बेगमी – पुढच्या दिवसांसाठी केलेली साठवण
अनामत – परत मिळण्याच्या बोलीने भरून ठेवलेले पैसे
रकाना – वहीत उभ्या रेघा ओढून केलेली जागा
पडताळा – खरेखोटे पाहणे
खळ – पिठाची चिकी

सांगा पाहू

१. वहिनींना अक्षरे येत होती, तरी अंगठा का द्यावा लागला?
२. बडोदे संस्थानात पुस्तके गावोगाव कशी जात?
३. गुरुजींच्या चार चुकांपैकी सर्वांत मोठी कोणती, असे तुम्हांला वाटते? का?
४. वहिनींनी मोसम अक्षरांत लिहायला का सांगितले?

करून पाहा

१. तुमच्या गावात वाचणारी ३० मुले आहेत असे धरा. आठवड्याला दोन पुस्तके आणि सहा आठवडे. वाचने किती होतील? पेटीत पुस्तके किती हवीत?
२. जवळच्या वाचनालयाला पुस्तके मागणारे पाच ओळींचे पत्र लिहा. खाली अंगठा नको, सही करा.